घरात पडून असलेला कंट्रोलर पीसीला कसा जोडायचा

ज्या घरात कधीतरी प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आला, तिथे टीव्हीखालच्या कप्प्यात एक कंट्रोलर हमखास सापडतो. कन्सोल बंद पडलेला असतो, विकलेला असतो, नाहीतर नोकरीला पुण्याला गेलेला दादा तो घेऊन गेलेला असतो. एक ‘रिमोट’ तेवढा मागे राहतो. आणि त्याच घरात इंजिनिअरिंगच्या नावाखाली घेतलेला, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉपही असतो. अशा वेळी नवा गेमपॅड आणायला एम. जी. रोड गाठायची गरज नाही. कप्प्यातलाच कंट्रोलर चालतो.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे. लिनक्सवाल्यांसाठी मध्ये दोन-तीन ओळी आहेत, त्यांना तेवढ्या पुरतात.

हातात कुठला कंट्रोलर आहे?

एक्सबॉक्सचा असेल तर काम सगळ्यात सोपं. विंडोज आणि एक्सबॉक्स दोन्ही मायक्रोसॉफ्टचेच, त्यामुळे केबल लावली की विंडोज आपणहून ड्रायव्हर (कंट्रोलर ओळखून चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) बसवतं आणि बहुतेक गेममध्ये काहीही न करता बटणं चालू होतात. प्रश्न फक्त ब्लूटूथचा. २०१३ साली एक्सबॉक्स वनबरोबर आलेल्या कंट्रोलरमध्ये ते नव्हतं, २०१६ च्या वन एसबरोबरच्या मॉडेलपासून आलं. खोकं आणि बिल कोण जपून ठेवतं? म्हणून मधलं गोल एक्सबॉक्स बटण बघा. त्याच्याभोवतीचं प्लॅस्टिक समोरच्या बॉडीचाच अखंड भाग असेल तर ब्लूटूथ आहे. ते वरच्या खांद्याच्या बटणांच्या चकचकीत पट्टीला लागून असेल तर नाही. २०२० च्या सिरीज एक्स आणि एसच्या कंट्रोलरला यूएसबी-सी असते, मधोमध छोटं शेअर बटण असतं, आणि ब्लूटूथ असतंच.

एक्सबॉक्स ३६० चा वायरलेस कंट्रोलर मात्र फसवतो. त्याची चार्जिंगची केबल पीसीला लावली की सेल चार्ज होतात, बस. बटणांचा डेटा त्या वायरीतून जातच नाही. त्याला वेगळा रिसीव्हर लागतो. ३६० चा वायरवाला मात्र अजूनही बिनतक्रार चालतो.

प्लेस्टेशनचे दोन नेहमी हाती येतात. ड्युअलशॉक ४, म्हणजे पीएस४ चा, २०१३ पासूनचा, त्याला मायक्रो यूएसबी. ड्युअलसेन्स, म्हणजे पीएस५ चा, २०२० चा, त्याला यूएसबी-सी. ब्लूटूथ दोन्हींत आहे. त्याआधीचा पीएस३ चा ड्युअलशॉक ३ विंडोजवर चालवायला वेगळे ड्रायव्हर बसवावे लागतात. नवख्या माणसाने पहिल्याच दिवशी त्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक. ‘पीएस४ चा ओरिजिनल’ म्हणून फारच स्वस्तात मिळालेला कंट्रोलर बरेचदा कॉपी असतो. तो कन्सोलवर चाललेला असला तरी पीसीवर चालेलच असं नाही. कधी टचपॅड मेलेला असतो, कधी खाली सांगितलेलं सॉफ्टवेअर त्याला ओळखतच नाही. तुमच्याकडे तसला असेल तर हा लेख वाचून दोष स्वतःला देऊ नका.

आधी केबल, ब्लूटूथ नंतर

ब्लूटूथ कितीही हवंसं वाटलं तरी पहिल्यांदा केबलच लावा. केबलवर सगळं नीट चाललं की कंट्रोलर ठणठणीत आहे हे पक्कं होतं. मग ब्लूटूथवर काही अडलं तर दोष कुठे शोधायचा ते कळतं.

आणि इथेच निम्मे लोक अडतात. सिडकोतून भाच्याचा फोन येतो, “मामा, कंट्रोलरचा लाइट लागतोय, पण गेममध्ये काहीच हलत नाहीये.” तोवर त्याने विंडोज अपडेट केलेलं असतं, दोन ड्रायव्हर उतरवलेले असतात, आणि आता लॅपटॉप फॉरमॅट मारू का, असं विचारत असतो. त्याला म्हटलं, केबल कुठली लावलीस? तर ती ट्रिमरबरोबर आलेली. ट्रिमर, पॉवर बँक, स्वस्त इअरफोन यांच्याबरोबर येणाऱ्या केबलींत अनेकदा नुसत्या वीज वाहणाऱ्या दोनच तारा असतात. कंट्रोलर चार्ज होतो, दिवा लागतो, आणि पीसीला मात्र त्याचा पत्ताच नसतो.

केबल तपासायची सोपी युक्ती म्हणजे तीच केबल लावून अँड्रॉइड फोन पीसीला जोडा. फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’चा पर्याय दिसला तर डेटा केबल आहे. नुसतंच ‘चार्जिंग’ दिसत राहिलं आणि पीसीत फोन उमटलाच नाही, तर ती केबल ट्रिमरलाच परत द्या. दुकानात गेलात तर ‘डेटा केबल द्या’ असं स्पष्ट सांगा आणि जमलं तर काउंटरवरच जोडून बघा. मायक्रो यूएसबीच्या बाबतीत तर नक्कीच बघा. आता बहुतेक फोन यूएसबी-सीवर गेल्यामुळे दुकानांत उरलेल्या मायक्रोच्या केबली बऱ्याचशा नुसत्या चार्जिंगच्या निघतात.

जोडलं का ते कुठे दिसतं

गेम उघडून बघायची घाई नको. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात इंग्रजीत जे, ओ, वाय, मग टिंब, मग सी, पी, एल टाइप करा आणि एंटर मारा. ‘गेम कंट्रोलर्स’ची खिडकी उघडते. विंडोज एक्सपीच्याही आधीपासूनची ही खिडकी आहे आणि दिसतेही तशीच, पण काम चोख करते.

यादीत नाव दिसलं पाहिजे. ड्युअलशॉक ४ असेल तर नाव नुसतंच ‘वायरलेस कंट्रोलर’ असं येतं. केबल लावलेली असताना वायरलेस कसं, म्हणून गोंधळू नका. त्याचं नावच ते आहे. नाव निवडून ‘प्रॉपर्टीज’ दाबलं की एक चौकोन, त्यात अधिकचं चिन्ह आणि लाल दिव्यांची रांग दिसते. स्टिक फिरवली की चिन्ह हललं पाहिजे, बटण दाबलं की त्याचा दिवा लागला पाहिजे.

एक्सबॉक्सवाल्यांनी इथे घाबरू नये अशी एक गोष्ट आहे. या जुन्या खिडकीत दोन्ही ट्रिगर (मागची, बंदुकीच्या घोड्यासारखी दाबायची बटणं) एकाच पट्टीवर दिसतात. डावा दाबला की पट्टी एका बाजूला, उजवा दाबला की दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही दाबले की मधोमध. ट्रिगर खराब झालेला नसतो, जुनी पद्धत त्यांना तसं मोजते. गेममध्ये ते वेगवेगळेच चालतात.

इथे नावच येत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. केबल बदला, पोर्ट बदला, मधला यूएसबी हब काढा. नाव येतंय पण गेम दाद देत नाही, तर पुढचं वाचा.

यादीत दिसतो, पण गेममध्ये चालत नाही

पीसीवरच्या गेमला कंट्रोलरचं म्हणणं दोन पद्धतींनी कळतं. जुनी पद्धत डायरेक्टइनपुट. नवी एक्सइनपुट, जी एक्सबॉक्स ३६० च्या वेळी, २००५ च्या सुमाराला आली. एक्सइनपुटमध्ये कुठलं बटण ‘ए’, कुठला ट्रिगर डावा, हे सगळं आधीच ठरलेलं असतं, म्हणून गेम बनवणाऱ्यांना ती आवडली आणि पुढे बहुतेक गेम तिच्याच भरवशावर बनले. एक्सबॉक्सचा कंट्रोलर ही भाषा जन्मतः बोलतो. प्लेस्टेशनचा बोलत नाही. त्यामुळे विंडोजला तो दिसतो, पण कित्येक गेमना समजत नाही. मध्ये दुभाषी लागतो.

नियम एकच, आणि तो काटेकोर पाळा: दुभाषी एका वेळी एकच ठेवायचा. मंडळी इंटरनेटवर जे सापडेल ते बसवत जातात. मग दोन दुभाषी एकाच कंट्रोलरचं बोलणं गेमला दोनदा सांगतात. मेनूत एकदा खाली दाबलं की निवड दोन ओळी सरकते. फुटबॉलच्या गेममध्ये एकच माणूस खेळत असताना समोर दुसरा खेळाडू आपोआप हजर होतो. हे दिसलं की समजा, मध्ये गर्दी झाली आहे.

पहिला दुभाषी: स्टीम

स्टीम म्हणजे पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान. गेम तिथे घेतलेले असतील तर आणखी काही बसवायचंच नाही. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘कंट्रोलर’ नावाचं पान आहे. कंट्रोलर जोडलेला असताना ते उघडा, वर त्याचं नाव दिसेल. खाली प्लेस्टेशनसाठीचा पर्याय चालू करा. आता स्टीममधून सुरू केलेल्या गेमला वाटतं की एक्सबॉक्सचा कंट्रोलरच जोडला आहे.

म्हणूनच गेममध्ये पडद्यावर ए, बी, एक्स, वाय दिसतात आणि तुमच्या हातात फुली, गोल, चौकोन, त्रिकोण असतात. जागेवरून लक्षात ठेवा: खालचं फुली म्हणजे ए, उजवीकडचं गोल म्हणजे बी, डावीकडचं चौकोन म्हणजे एक्स, वरचं त्रिकोण म्हणजे वाय. थोडं खेळलात की बोटांना पाठ होतं, डोळ्यांना जरा जास्त वेळ लागतो.

काही नवे गेम, विशेषतः प्लेस्टेशनवरून पीसीवर आलेले, ड्युअलसेन्सला थेट ओळखतात आणि पडद्यावर फुली-गोलच दाखवतात. तिथे दुभाष्याला सुट्टी द्यायची. लायब्ररीत त्या गेमवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कंट्रोलर, आणि तिथे फक्त त्या गेमपुरतं स्टीम इनपुट बंद. ड्युअलसेन्सचे ट्रिगर धनुष्य ताणल्यावर घट्ट होतात ती गंमत पीसीवर अशाच मोजक्या गेममध्ये मिळते, आणि बहुतेक ठिकाणी केबल लावल्यावरच.

दुसऱ्या दुकानातून घेतलेला गेमही स्टीमच्या लायब्ररीत जोडता येतो. खाली डावीकडे ‘ॲड अ गेम’ आहे, त्यात स्टीमबाहेरचा गेम निवडायची सोय आहे. तो मग स्टीममधूनच सुरू करायचा.

दुसरा दुभाषी: डीएसफोरविंडोज

मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा गेम पास (मायक्रोसॉफ्टची वर्गणीवर गेम देणारी सेवा) यांवरचे गेम स्टीममध्ये जोडायला गेलं की डोकेदुखी होते. तिथे डीएसफोरविंडोज हे फुकट सॉफ्टवेअर कामाला येतं. नावात चार असला तरी ड्युअलसेन्सही त्याला कळतो. ते विंडोजमध्ये एक खोटा एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर उभा करतं आणि तुमच्या बटणांचं म्हणणं त्याच्या तोंडून सांगतं. त्यासाठी विजेम नावाचा ड्रायव्हर लागतो. पहिल्यांदा उघडल्यावर ते स्वतःच विचारतं, ‘इन्स्टॉल’ म्हणायचं.

हे उतरवताना जपा. नावाशी मिळत्याजुळत्या वेबसाइट भरपूर आहेत आणि सर्चमध्ये त्याच वर येतात. गिटहब या प्रोग्रॅमरांच्या साइटवरच्या प्रकल्पाच्या पानावरूनच घ्या. उतरवलेली फाइल झिप असते. ती नीट एका फोल्डरमध्ये काढा, झिपच्या आतून चालवू नका.

हे चालू असताना स्टीममधला प्लेस्टेशनचा पर्याय बंद ठेवायचा. तरीही दोनदा दाबल्यासारखं होत असेल तर गेमला खरा आणि खोटा असे दोन्ही कंट्रोलर दिसत आहेत. हिडहाइड नावाचं छोटं साधन खरा कंट्रोलर गेमपासून लपवतं. त्याची गरज सगळ्यांना पडत नाही, म्हणून आधीपासून बसवून ठेवू नका.

निन्टेंडो स्विचचा प्रो कंट्रोलर असलेल्यांनी सरळ स्टीमच वापरावं. त्यात ए-बी आणि एक्स-वाय यांच्या जागा एक्सबॉक्सच्या उलट असतात. स्टीममध्ये निन्टेंडोची मांडणी वापरायचा पर्याय आहे, तुम्हाला हवं तसं ठेवा. मात्र त्याचे मागचे ट्रिगर नुसती बटणं आहेत, हळूहळू दाबायची सोय नाही. गाड्यांच्या गेममध्ये ॲक्सिलरेटर एकतर पूर्ण, नाहीतर शून्य. रेसिंगसाठी म्हणून तो घेऊ नका.

लिनक्सवाले: एक्सबॉक्सचे ड्रायव्हर कर्नलमध्ये मुळातच आहेत. ड्युअलसेन्ससाठी सोनीनेच दिलेला ड्रायव्हर ५.१२ पासून, स्विचसाठीचा ५.१६ पासून कर्नलमध्ये आहे. जोडा आणि खेळा.

आता ब्लूटूथ

केबलवर सगळं चाललं की केबल काढा. कंट्रोलरला पेअरिंगवर, म्हणजे नव्या यंत्राशी ओळख करून घ्यायच्या अवस्थेत, टाकायची रीत प्रत्येकाची वेगळी.

एक्सबॉक्स: मधलं बटण दाबून चालू करा, मग वरच्या कडेला खांद्याच्या बटणाजवळचं छोटं गोल बटण तीनेक सेकंद धरा. एक्सबॉक्सचा दिवा भराभर लुकलुकायला लागतो.

ड्युअलशॉक ४: बंद असतानाच शेअर आणि पीएस बटण एकत्र धरून ठेवा. लाइट बार दोन-दोन झटक्यांत चमकू लागला की सोडा.

ड्युअलसेन्स: तेच, फक्त शेअरऐवजी त्या जागेवरचं क्रिएट बटण.

स्विच प्रो: वर यूएसबीच्या भोकाशेजारचं बारीक बटण, खालचे दिवे धावू लागेपर्यंत.

मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ, ‘ॲड डिव्हाइस’. नाव आलं की क्लिक. क्वचित पिन मागतो, चार शून्यं टाका. जमत नसेल तर यादीतलं जुनं नाव काढून टाका आणि पुन्हा करा. तरीही हटून बसला तर प्लेस्टेशनच्या दोन्ही कंट्रोलरच्या मागे रिसेटचं बारीक भोक आहे. ड्युअलशॉक ४ ला एल२ च्या जवळ, ड्युअलसेन्सला सोनीच्या नावाजवळ. सिमकार्डची पिन घालून पाचेक सेकंद दाबायची.

घरात कन्सोल अजून नांदत असेल तर आधी त्याचा प्लग काढा. नाहीतर पीएस बटण दाबल्यावर इकडे पेअरिंग होण्याऐवजी हॉलमध्ये कन्सोल सुरू होतो, आणि तिथे मालिका चाललेली असेल तर पुढचं तुम्ही बघून घ्या.

डेस्कटॉपला ब्लूटूथ नसेल तर छोटा यूएसबी डोंगल मिळतो. तो मागे, टेबलाखाली, लोखंडी कॅबिनेटच्या आड लावला की सिग्नल तुटतो. बटण उशिरा लागतं, मधेच पात्र एकाच दिशेला पळत सुटतं. त्यात निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये शेजारी हार्ड डिस्क चालू असेल तर आणखी वाईट, कारण यूएसबी ३ चा गोंगाट ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात होतो. डोंगल समोरच्या पोर्टला लावा किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलने टेबलावर आणा. बहुतेकांचा प्रश्न एवढ्यावर मिटतो.

ब्लूटूथवर कंट्रोलरच्या हेडफोनच्या भोकातून आवाज येत नाही, तो केबलवरच मिळतो. उलट ड्युअलसेन्स केबलने जोडला की लॅपटॉपचा आवाज अचानक गायब होऊ शकतो. विंडोजने कंट्रोलरलाच स्पीकर समजून सगळा आवाज तिकडे वळवलेला असतो. उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून पुन्हा लॅपटॉपचे स्पीकर निवडा.

स्टिक आपोआप सरकते?

जुन्या कंट्रोलरची नेहमीची तक्रार. हात न लावता पात्र चालू लागतं, कॅमेरा हळूच आकाशाकडे वळतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. स्टिकच्या खाली कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारा भाग असतो आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने ती पट्टी झिजते. झिजलेली पट्टी सॉफ्टवेअरने बरी होत नाही, पण झाकता येते. स्टीममध्ये आणि डीएसफोरविंडोजमध्ये ‘डेडझोन’चा आकडा असतो, म्हणजे मधल्या किती हालचालीकडे दुर्लक्ष करायचं ते. तो थोडाथोडा वाढवत जा आणि सरकणं थांबलं की तिथेच थांबा. उगाच जास्त वाढवलात तर नेम धरताना बारीक हालचाल हरवते. त्याने भागलं नाही तर स्टिकचा भाग बदलून घ्यावा लागतो. ज्याला सोल्डरिंग येतं असा दुरुस्तीवाला बघा, घरी स्क्रू ड्रायव्हरने उद्योग नको.

कधी मात्र झीज नसतेच, चिकटपणा असतो. रविवारी सकाळी मिसळ, तर्रीचे हात नॅपकिनला पुसले न पुसले, आणि लगेच मॅच. सोबतीला चिवड्याची वाटी. ते तेल स्टिकच्या मुळाशी जाऊन बसतं, त्यावर शेवेचा चुरा. कंट्रोलर बंद करा, इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब लावून स्टिक तिरकी करत गोल पुसा, वाळू द्या. पाणी नको, सॅनिटायझरही नको, त्यात इतर पदार्थ असतात.

काही गेम दाद देणारच नाहीत

व्हॅलोरंटसारखा गेम पीसीवर कीबोर्ड-माउसवरच खेळायचा असतो, तिथे कंट्रोलर चालत नाही. दुभाषी घालून जबरदस्ती करायलाही जाऊ नका, फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेच्या नजरेत उगाच कशाला यायचं? स्टीमवर प्रत्येक गेमच्या पानावर कंट्रोलरचा पाठिंबा पूर्ण आहे की अर्धवट, ते लिहिलेलं असतं. विकत घेण्याआधी तेवढं वाचा. फुटबॉल, रेसिंग, मारामारी आणि उड्या मारण्याचे गेम कंट्रोलरवर खरे रंगतात. नेम धरायचे आणि शहरं-सैन्य सांभाळायचे गेम माउसवरच बरे, हे माझं मत.

एक्सबॉक्सचं मधलं बटण दाबल्यावर गेमवर मधेच गेम बारची पट्टी येत असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये गेमिंग, गेम बार इथे ते बंद करता येतं.

परत कन्सोलला जोडताना

दादा दिवाळीत कन्सोल घेऊन आला आणि कंट्रोलर ओळखेना, असं झालं तर काही बिघडलेलं नाही. पीसीशी पेअर झाल्यावर तो बरेचदा कन्सोलला विसरलेला असतो. प्लेस्टेशनचा असेल तर डेटा केबलने कन्सोलला जोडा आणि पीएस बटण दाबा. एक्सबॉक्सचा ब्लूटूथवाला असेल आणि फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर) ताजं असेल तर पेअरिंगचं छोटं बटण दोनदा पटकन दाबलं की तो पीसीवरून कन्सोलवर आणि पुन्हा पीसीवर जातो. फर्मवेअर ताजं करायला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं ‘एक्सबॉक्स ॲक्सेसरीज’ ॲप उतरवा, कंट्रोलर केबलने जोडा, आणि अपडेट पूर्ण होईपर्यंत केबल काढू नका. डेस्कटॉपवर हे करत असाल आणि घरी यूपीएस नसेल, तर पावसाळ्यात ढग दाटून आलेल्या संध्याकाळी ते करायला बसू नका. लाइट जायची तीच वेळ असते.